मसाई पठारावरची जाळी

मसाई पठारावर लोक जातात ते पावसाळ्यात, फुलांसाठी. मी सांगेन, कोळ्यांची जाळी बघायला दिवाळीच्या सुमाराला जा, गवत पिवळं पडू लागलं की. आणि ऊन चढायच्या आत पोचा.

अंधारातच कोल्हापूर सोडलं. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळचा चढ, पन्हाळा. तिथून पश्चिमेला पठारावर आलो तेव्हा फटफटलं होतं. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेले शिवाजी महाराज याच पठारावरून गेले. खाली जांभा, त्यावर मातीचा पातळ थर. मोठं झाड क्वचितच धरतं, म्हणून हे राज्य गवताचं.

कोवळं ऊन आडवं आलं आणि गवतभर जाळी दिसू लागली. प्रत्येक जाळं दहिवरानं पांढरं झालेलं, दुधावरच्या सायीसारखं गवताच्या बुडाशी पसरलेलं. एका कडेला ते आत वळून नरसाळ्यासारखं खोल जातं. त्या तोंडाशी मालकीण बसलेली, पुढचे पाय जाळ्यावर टेकवून. हा हिप्पासा जातीचा कोळी. १८८५ साली यूजीन सिमॉन या फ्रेंच अभ्यासकानं हे नाव दिलं.

मला या कोळ्याचं अप्रूप वाटतं त्याचं कारण त्याचं घराणं. हा लांडगा कोळ्यांपैकी. त्याचे बहुतेक भाऊबंद जाळं विणतच नाहीत, जमिनीवर धावून किंवा दबा धरून भक्ष्य पकडतात. हिप्पासानं धावणं सोडलं नाही, फक्त धावायला स्वतःचं अंगण विणलं. जाळ्याला चिकटपणा नसतो. माझ्यासमोरच एक तुडतुडा त्यावर पडला, उठायला धडपडला, तेवढ्या थरथरीनं कोळीण सुसाट आली, चावली आणि त्याला ओढत नळीत घेऊन गेली. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी गुडघा हलवला तर शेजारच्या जाळ्यातली आत पसार झाली.

थोडं पुढं एकीच्या शेपटाशी अंड्यांची गोल पिशवी चिकटलेली होती. लांडगा कोळ्यांच्या माद्या ती अशीच सोबत वागवतात, पुढं पिल्लं निघाली की ती आईच्या पाठीवर चढतात. जाळं विणायला शिकली तरी हिप्पासानं ही घरची रीत मोडलेली नाही.

गवत कापायला आलेल्या एक मावशी विळा घेऊन थांबल्या.

"काय हुडकालाय दादा? काय पडलंय व्हय?"

"नाही मावशी, कोळी बघतोय."

"मग आत्ताच बघून घ्या. ऊन चढलं की दिसायची न्हाईत. जाळी तितंच असत्यात, पर दहिवर गेलं की कुणाच्या ध्यानात येतंय?"

अगदी खरं. नऊच्या पुढं त्याच जागी नुसतं गवत दिसत होतं. दुपारी गाडी थेट गवतात घालणाऱ्यांना आपण कशावरून जातोय याचा पत्ताच नसतो. गाड्या वाटेवरच ठेवा, एवढी कळकळीची विनंती.

कापणीनं या कोळ्यांचं मोठंसं बिघडत नाही, असं मला वाटतं. बुडखे राहतात, दगडांच्या सांदी राहतात. वणव्यात मात्र बुडाशी राहणारं फारसं काही वाचत नाही. नवं गवत जोमानं फुटतं म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगर पेटवायची सवय आपल्याकडे अजून आहे. मावशींना विचारलं, तर त्या चिडल्याच.

"जाळून म्हसरांनी काय खायाचं? उन्हाळाभर ह्येच तर पुरवायचं असतंय!"