माझ्या मुलीचा मलेरिया माझ्याकडून आला

नवजात बाळाला आईकडून मलेरिया होऊ शकतो, हे मला माझी मुलगी आजारी पडेपर्यंत माहीत नव्हतं. तिला आधी ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांच्याही ते पटकन डोक्यात आलं नाही. त्यात नवल नाही म्हणा. इतक्या लहान बाळाला ताप आला की पहिला संशय रक्तातल्या जंतुसंसर्गाचाच येतो, आणि यायलाही हवा.

मला सातव्या महिन्यात मलेरिया झाला होता. हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम, एक दिवस बरं आणि पुन्हा तेच. रक्ततपासणीत व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरियाच्या जंतूची एक जात, निघाला. क्लोरोक्विनचा तीन दिवसांचा कोर्स झाला, ताप उतरला. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात दडून बसतात, क्लोरोक्विन फक्त रक्तातले मारतं. दडलेल्यांसाठी प्रायमाक्विन लागतं, पण ते गरोदरपणात देत नाहीत. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्याच्यात कमी असतं त्याच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात, आणि पोटातल्या बाळाचं ते कसं तपासणार? म्हणून ‘बाळंतपणानंतर बघू’ असं ठरलं. शेवटच्या आठवड्यांत अंगात थोडी कसकस होती, पण नवव्या महिन्यात कसकस कोणाला नसते!

बाळंतपण सुरळीत झालं. मुलगी वजनाला जरा कमी भरली, बाकी ठणठणीत होती. दुसरा आठवडा पुरा व्हायच्या आत मात्र ती अंगावर पिताना मध्येच सोडून द्यायला लागली. रडण्यात जोर राहिला नाही. ओसरलेली कावीळ परत डोळ्यांत दिसायला लागली, आणि त्याखाली ओठ पांढरट. ताप मोजला तर अडतीसच्या वर. एवढ्या लहान बाळाला ताप आला तर घरी वाट बघायची नसते, एवढं माहीत होतं. तडक दवाखाना गाठला, तिथून थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात.

पुढचे दिवस जंतुसंसर्ग धरूनच उपचार झाले. रक्तात जंतू वाढतात का ते बघायला ते कल्चरला गेलं, सीआरपी ही संसर्गाचा अंदाज देणारी तपासणी झाली, पाठीतलं पाणी काढलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. प्लेटलेट कमी आल्या, हिमोग्लोबिन रोज थोडं थोडं उतरत होतं. कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. ताप जायचा, आम्ही सुटकेचा श्वास सोडायचो, आणि तो परत यायचा.

इथे मला एक राग अजून आहे. बाळाच्या भरतीच्या कागदावर आईच्या आजारांसाठी एक रकाना असतो. त्यात ‘विशेष काही नाही’ असं लिहिलेलं होतं. कारण ज्या ठिकाणी बाळंतपण झालं, तिथल्या डिस्चार्ज कार्डावर फक्त प्रसूतीची माहिती होती. मलेरियाचा रिपोर्ट माझ्या गरोदरपणाच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल घरी कपाटात. भरती करताना घाईघाईत विचारलं गेलं ते ‘बीपी, शुगर, थायरॉइड?’ एवढंच. तापाचं कोणी विचारलं नाही.

मग एका राउंडला बालरोगतज्ज्ञ मॅडमनी तिच्या डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून बराच वेळ चाचपलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, ही पोटात असताना तुम्हाला थंडी वाजून ताप आला होता?” मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “प्लीहा हाताला लागतेय. आत्ताच्या आत्ता स्मिअर पाठवा. हिचाही आणि आईचाही.” स्मिअर म्हणजे काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचं रक्त.

आधी झटपट कार्डावरची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या की रक्तात जंतू थोडे असतील तर कार्डाला सापडत नाहीत, थिक, म्हणजे जाड थराचा स्मिअरच बघायचा. लॅबच्या दादांनी माझ्यासमोर तिच्या टाचेतून थेंब घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने तो गोल गोल पसरला. थर केवढा असावा याची त्यांची खूण साधी होती: काच छापील कागदावर धरली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. शेजारीच त्यांनी पातळ स्मिअरही ओढला. थिकमध्ये जास्त रक्त तपासलं जातं म्हणून जंतू सापडतो, आणि पातळमध्ये पेशी शाबूत राहतात म्हणून तो कोणत्या जातीचा ते ओळखू येतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. व्हायव्हॅक्सच. दादांनी मला बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. आजूबाजूच्या पेशींपेक्षा फुगलेली एक तांबडी पेशी, आणि तिच्यात खडा बसवलेल्या अंगठीसारखं निळं कडं. माझ्या रक्तातही तेच निघालं, अगदी तुरळक. म्हणजे ती नवव्या महिन्यातली कसकस नुसती थकव्याची नसावी.

सासूबाईंना हे पटेना. “जन्मल्यापासून पोर मच्छरदाणीच्या बाहेर नाही, तिला डास चावला कधी?” मॅडमनी त्यांना बसवून समजावलं. डास चावल्यावर व्हायव्हॅक्सचा ताप यायला साधारण बारा दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. हिचा ताप त्याआधीच आला, म्हणजे जंतू आईकडूनच आले. जन्मानंतर सात दिवसांच्या आत बाळाच्या रक्तात जंतू दिसले तर तो जन्मजात मलेरिया, अशी ठरलेली व्याख्या आहे. आमची तपासणी त्यानंतर झाली, म्हणून हा दिवसांचा हिशेब करावा लागला. वारेतून आईचं आणि बाळाचं रक्त सहसा मिसळत नाही, पण जंतूंमुळे वारेला इजा झाली किंवा कळांच्या वेळी थोडं रक्त पलीकडे गेलं, तर त्यातून जंतू जातात.

मग ती जन्मतःच आजारी का नव्हती, हे मी विचारलं. आईची प्रतिपिंडं बाळाला काही काळ सांभाळतात, शिवाय नवजात बाळाच्या रक्तातलं वेगळं हिमोग्लोबिन जंतूंना नीट वाढू देत नाही. त्यामुळे बहुतेक बाळांना लक्षणं जन्मानंतर दहा ते तीस दिवसांत दिसतात. म्हणजे बाळ घरी गेल्यावर, आणि बाळंतपणाचे कागद बाजूला पडल्यावर.

औषध साधंच होतं, क्लोरोक्विन. वजनाच्या किलोमागे पहिले दोन दिवस दहा-दहा मिलिग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी पाच. पण ते इतकं कडू असतं की सिस्टरने सिरिंजने गालाच्या आत थेंब सोडला की पोरीचा अख्खा चेहरा गोळा व्हायचा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा असतो. त्यामुळे तो अर्धा तास मी तिला उभं धरून घड्याळाकडे बघत बसायची. फाल्सिपॅरम ही मलेरियाच्या जंतूची दुसरी जात असती तर औषधं वेगळी असती. पाच किलोच्या आतल्या बाळांसाठी खास बनवलेल्या मलेरियाच्या औषधाला पहिली मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. तोवर मोठ्या मुलांच्या गोळ्याच हिशेबाने देत होते, हे ऐकून मी चाटच पडले.

ताप उतरला, स्मिअर निगेटिव्ह आला. रक्त मात्र एकदा चढवावं लागलं, कारण फुटलेल्या पेशी भरून यायला वेळ लागतो. मलेरिया दुधातून जात नाही, त्यामुळे अंगावर पाजणं एक दिवसही बंद केलं नाही. माझ्या दुधातून तिला औषध मिळेल का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं होतं. दुधात उतरतं ते इतकं कमी की त्याने ना अपाय होतो ना उपचार. म्हणून दोघींचे डोस वेगळे.

मला सगळ्यात दिलासा कशाने मिळाला असेल तर शेवटच्या भेटीत समजलेल्या गोष्टीने. तिचा मलेरिया उलटणार नाही. यकृतात दडून बसणारे जंतू डासाने सोडलेल्या अवस्थेतूनच तयार होतात. तिला माझ्याकडून मिळाले ते थेट रक्तातले. त्यामुळे तिला प्रायमाक्विनची गरजच नाही. गरज आहे ती मला. दोघींची जी-सिक्स-पीडी तपासणी नॉर्मल आली आहे, तरी ती जरा मोठी होईपर्यंत थांबायचं डॉक्टरांनी ठरवलंय. तोवर मला आठवड्यातून एकदा क्लोरोक्विन, आणि थंडी वाजली की लगेच स्मिअर. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी मॅडमकडून लिहून घेतलंय: ‘आईला गरोदरपणात व्हायव्हॅक्स, बाळाला जन्मजात मलेरिया, उपचार पूर्ण.’ माझ्या फाइलवरही तेच आहे, खाली एक ओळ जास्त: ‘प्रायमाक्विन बाकी.’