पारंपरिक धनुष्याच्या सामानाचा शोध, नोंद चौथी: ८ मिमीचा पेच आणि वखारीतली फळी

बाणांच्या बारा काड्या तयार झाल्या. सगळ्या एकाच फळीतल्या, आणि पहिल्याच मोजणीत ४१ ते ४६ पाउंड स्पाइनमध्ये (स्पाइन म्हणजे काडीचा ताठपणा, पाउंडांत मोजलेला) बसलेल्या. ४० पाउंड खेचीच्या लाँगबोसाठी (लांब, साध्या धनुष्यासाठी) जवळपासच्या दुकानांतून एकसारखा संच उभा राहील का, हा प्रश्न मागच्या नोंदीत अडकून पडला होता. तो सुटला, पण ज्या दुकानावर भिस्त होती तिथे नाही.

आधी अपयशाची मोजदाद, कारण ती पुढे सगळ्यांच्या कामाची आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या ८ मिमी पाइनच्या डॉवेलांतून (तयार गोल लाकडी दांड्यांतून) सरळ बघून वीस काड्या निवडल्या होत्या. स्पाइन टेस्टरवर त्या २३ ते ३४ पाउंड भरल्या. लक्ष्य ४२ ते ४५ होतं. म्हणजे वीसपैकी एकही त्या धनुष्याला चालण्यासारखी नाही. दुकान बदलून, दुसऱ्या खेपेच्या काड्या आणूनही चित्र तेच राहिलं.

दोष दुकानाचा नव्हता, गणिताचा होता. गोल काडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. त्याच लाकडाची १० मिमी काडी ६७ पाउंड भरत असेल, तर ८ मिमीला ती ६७ गुणिले ०.४१, म्हणजे जेमतेम २७ भरणार. साधं पाइन ८ मिमीत ४२ पाउंड देतच नाही. त्यासाठी फार घट्ट, फार ताठ लाकूड लागतं. २५ पाउंडाच्या सरावाच्या धनुष्याला त्याच वीस काड्यांतून चांगला संच निघेल, तेव्हा त्या फेकलेल्या नाहीत. पण ४० पाउंडाला हार्डवेअरचं ८ मिमी पाइन शोधत फिरणं थांबवा. बर्च किंवा रामिनचं डॉवेल मिळालं तर थोडं वर सरकता येतं, तरी लक्ष्याच्या खालीच राहायला होतं.

टेस्टरबद्दल पुन्हा विचारणा होते म्हणून थोडक्यात. दोन आधार, मधलं अंतर २६ इंच, म्हणजे ६६० मिमी. मधोमध २ पाउंड वजन, म्हणजे ९०७ ग्रॅम. पाण्याची बाटली आणि ती टांगायचा हूक मिळून ९०७ ग्रॅम भरतील एवढं पाणी घाला, वेगळं वजन विकत घ्यायची गरज नाही. काडी किती मिलिमीटर झुकली ते कॅलिपरने बघा आणि ६६० ला त्या आकड्याने भागा. उत्तर थेट पाउंडात. १५ मिमी झुकली तर ४४. वाचताना अर्धा मिलिमीटर चुकलात तर सुमारे दीड पाउंडाचा फरक पडतो, म्हणून डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. आणि स्पाइन मोजताना टोकाच्या कापावर दिसणाऱ्या वर्षवलयांच्या रेषा नेहमी उभ्या ठेवा. काही काड्या आडव्या रेषांवर वेगळाच आकडा देतात. बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालताना आडवा वाकतो; उभ्या रेषांवरची मोजणी त्याच दिशेची असते. पुढे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, प्रत्यंचेत अडकणारा तुकडा) बसवतानाही त्याची खाच या रेषांना काटकोनातच हवी, नाहीतर प्रत्यंचेचा दाब काडी उभी चिरतो.

मग १० मिमीकडे वळणं ओघानेच आलं. हे डॉवेल ६० ते ७० पाउंडाच्या आसपास निघतात, म्हणजे लक्ष्याच्या खूप वर, आणि लाकूड कमी करणं नेहमीच शक्य असतं. किती कमी करायचं याला साध्या कॅल्क्युलेटरवर एक सोय आहे: हवा असलेला स्पाइन भागिले मोजलेला स्पाइन, मग वर्गमूळाची कळ दोनदा दाबा, उत्तराला आत्ताच्या व्यासाने गुणा. ६७ वरून ४५ वर यायचं असेल तर ९.०५ मिमी येतं. या भागात ०.१ मिमी म्हणजे साधारण २ पाउंड, त्यामुळे ९.२ ला थांबा, मोजा, मग पुढे जा.

काडी ड्रिलमध्ये पकडायची, दुसरं टोक लाकडी ठोकळ्यातल्या सैल भोकातून जाऊ द्यायचं (नाहीतर ३० इंच काडी चाबकासारखी उडते), आणि ८० नंबरच्या काचपेपरची घडी हातातल्या खोबणीच्या ठोकळ्यात धरून सतत पुढेमागे फिरवायची. एका जागी थांबलात की तिथे कंबर पडते. लोखंडी पट्टीला ९.२ मिमीचं भोक पाडून त्यातून काडी ओढण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. पाइनवर तो रेषा उपटतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

एवढं करून स्पाइन जुळला. आणि तिथेच खरा अडथळा उभा राहिला: रेषा.

यंत्रावर गोल केलेल्या डॉवेलला लाकडाच्या तंतूंची दिशा माहीत नसते. फळी तिरकी कापली गेली असेल तर तंतू एका बाजूने आत शिरतात आणि पुढे दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. काडीच्या अंगावर ज्वालेसारख्या टोकदार आकृत्या दिसतात त्या याच. अशी काडी टेस्टरवर बिनचूक ४५ दाखवू शकते आणि सुटताना त्याच तिरक्या रेषेवर सोलून तुटते. तुटलेलं मागचं निमुळतं टोक धनुष्य धरलेल्या हातात घुसतं. याबाबत तडजोड नको. प्रत्येक काडी चारही बाजूंनी फिरवून बघा. एखादी रेषा चार-सहा इंचांत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओलांडून गेली, तर ती काडी कुंडीतल्या रोपाला. बारीक ज्वाला राहिलीच, तर बाण लावताना तिचं टोक वरच्या अंगाला आणि फाळाच्या (बाणाच्या पुढच्या टोकाच्या) दिशेने ठेवा. १० मिमीच्या पंधरा डॉवेलांतून या चाळणीतून चारच उतरल्या. चार काड्यांचा संच होत नाही.

डॉवेल मागे पडून फळी पुढे आली ती इथे. दारं-खिडक्यांच्या चौकटींचं लाकूड विकणाऱ्या वखारीत डग्लस फर, स्प्रूस किंवा स्वच्छ पाइनच्या जाड फळ्या असतात. तिथे रेषा बघून निवडता येते, आणि वखारीतल्या माणसाला ‘गाठ नको, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवी’ एवढं सांगितलं की तो स्वतःच ढिगातून खेचून देतो. बाणांचा विषय माहीत नसला तरी लाकूड त्याला कळतं, आणि इथे तेच हवं असतं. फळीच्या कडेला एक छोटी चीर पाडून बघा: लाकूड ज्या वाटेने फाटतं तीच तंतूंची खरी दिशा. पृष्ठभागावरच्या रेषा कधीकधी फसवतात, चीर फसवत नाही.

त्या दिशेला समांतर ११ मिमीच्या चौकोनी पट्ट्या काढून घ्यायच्या, ३२ इंच लांब. पट्ट्या दोन आठवडे सावलीत, सपाट, हवा लागेल अशा ठेवायच्या. ज्या वाकतील त्या आधीच बाद. मग फळीला पाडलेल्या ‘व्ही’ खोबणीत पट्टी ठेवून रंध्याने चार कोपरे काढले की अष्टकोन, अष्टकोनाचे आठ कोपरे काढले की जवळजवळ गोल, आणि शेवट ड्रिल-काचपेपरने. रंधा नेहमी तंतूंच्या उताराच्या दिशेने. तो अडखळला तर पट्टी उलटी फिरवा, जोर लावू नका.

सगळ्यात समाधानाची गोष्ट पुढे आहे. एकाच फळीतल्या शेजारच्या पट्ट्या म्हणजे एकाच झाडाचं, एकाच वयाचं लाकूड. त्यामुळे सारख्या व्यासाला त्यांचा स्पाइन आपोआप जवळ येतो. ९.१ मिमीला बारा काड्या ४१ ते ४६, आणि वजनं २३ ते २५ ग्रॅम. डॉवेलच्या ढिगात शंभर काड्या मोजून जे जमवावं लागतं ते इथे फळी निवडण्यातच झालं. ४५ आणि ४६ वाल्या तीन काड्या अगदी थोड्या घासून ४४ वर आणल्या. संचात ५ पाउंडाच्या आत फरक चालतो. ३ च्या आत आणता आला तर बाण गट सोडत नाहीत.

९.१ मिमी म्हणजे २३/६४ इंच. या मापाचे फाळ धनुर्विद्येच्या दुकानात क्वचितच समोर ठेवलेले असतात, ११/३२ चे, म्हणजे ८.७ मिमीचे, सहज मिळतात. मागवून वाट बघण्याऐवजी काडीचे पुढचे चार इंच हळूहळू ८.७ वर आणा. टोकांजवळ वाकण्याचा ताण कमी असतो, त्यामुळे स्पाइन फारसा हलत नाही. फक्त पायरी राहू देऊ नका. बाण दगडावर आपटला की तो पायरीवरच मोडतो. फाळासाठी ५ अंशांचा निमुळता कोन, नॉकसाठी ११ अंशांचा. हे दोन्ही कोन काढणारं शार्पनरसारखं छोटं हत्यार मात्र धनुर्विद्येच्या दुकानातूनच घ्या. इतर कुठलाही जुगाड मध्य चुकवतो, आणि तिरका नॉक उत्तम काडीही वाया घालवतो.

धनुर्विद्येच्या दुकानांबद्दल मत थोडं बदललं आहे. बहुतेक ठिकाणी कपाटं कंपाउंड (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) आणि ऑलिंपिक रिकर्व्हच्या (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या) सामानाने भरलेली असतात, आणि पारंपरिक म्हटलं की विक्रेता कार्बनचे तयार बाण पुढे करतो. फोनवर एकच प्रश्न विचारा: लाकडी काड्या किती पाउंडांच्या गटात लावल्या आहेत? ‘४० ते ४५’ असं उत्तर आलं तर जा. ‘३२ इंच लांब, चांगल्या आहेत’ असं आलं तर टेस्टर सोबत घेऊन जा किंवा जाऊच नका. कार्बनच घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा की तिथे आकडा उलटा चालतो, मोठा म्हणजे मऊ. त्याची मोजणी २८ इंच अंतर आणि १.९४ पाउंड वजनावर होते. ३१.५ भागिले इंचातला झुकाव केला की लाकडाचा पाउंड मिळतो: ७०० नंबर म्हणजे ०.७ इंच, म्हणजे ४५. ताठपणा जुळला तरी वजन जुळत नाही. धनुष्याच्या दर पाउंडाला निदान ८ ग्रेन वजनाचा बाण हवाच, पारंपरिकाला १० बरे. ४० पाउंडाला ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम. हलका बाण म्हणजे रिकाम्या धनुष्याची प्रत्यंचा सोडण्याच्या दिशेने टाकलेलं पाऊल. आपला लाकडी बाण १२५ ग्रेनच्या फाळासह ५०० च्या आसपास जातो. वेग थोडा कमी, धनुष्य शांत.

प्रत्यंचेचं सामान अनपेक्षितपणे सोपं गेलं. धनुर्विद्येच्या दुकानात डॅक्रॉन (थोडा ताणणारा पॉलिस्टरचा धागा) मागा, कमी ताणणारा नवा धागा नको. जुन्या लाँगबोची टोकं त्या झटक्यासाठी मजबूत केलेली नसतात. लांबी लाँगबोला धनुष्याच्या लेबलवरील मापापेक्षा ३ इंच कमी, रिकर्व्हला ४ इंच कमी. प्रत्यंचेच्या मधल्या भागावरच्या विळख्यांसाठी मासेमारीच्या दुकानातला विणलेला नायलॉन उत्तम बसला. मधमाश्यांचं मेण आणि बोटं वाचवणाऱ्या टॅबसाठी चामड्याचा तुकडा चपला-पिशव्यांचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. पॅराफिन मेण नको, ते थंडीत भुकटी होऊन गळतं. फाळ चिकटवायला नेहमीची ग्लू गनची कांडी उन्हात मऊ पडते. दोन भागांचं इपॉक्सी वापरा.

लिहितानाच एक बदल सुचतो आहे. काड्यांच्या मागच्या १० इंचांना ९.१ वरून ७.९ पर्यंत, म्हणजे ५/१६ इंचापर्यंत, निमुळतं करायचं. वजन शेपटीकडून कमी होतं, बाण मुठीला लवकर ओलांडून सरळ होतो, आणि ५/१६ चे नॉक सगळीकडे मिळतात. त्यामुळे पिसं लावायचं काम एका आठवड्याने मागे टाकलं. आधी तीन काड्यांवर हे करून बिनपिसांची चाचणी, १० मीटरवरून, काड्या मुद्दाम ३० इंच ठेवून. उजव्या हाताने तीन बोटांची खेच असेल आणि बिनपिसांची काडी पिसांच्या बाणांच्या डावीकडे पडली तर ती ताठ आहे: १४५ ग्रेनचा फाळ लावून बघायचा किंवा मुठीजवळचा चामड्याचा थर पातळ करायचा. उजवीकडे पडली तर मऊ: अर्धा-अर्धा इंच कापत जायचं. अंगठ्याच्या खेचीत बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला असतो, तिथे हे सगळं उलटं वाचा.

पिसांचं घोडं मात्र अजून अडलेलं. हस्तकलेच्या दुकानातल्या रंगीत पिशव्यांत डाव्या आणि उजव्या पंखांची पिसं एकत्र असतात, दांडा मऊ असतो, आणि टर्कीच्या नावाखाली छातीची पिसंही निघतात. एका बाणावर दोन पंखांची पिसं मिसळली तर ती एकमेकांचं फिरणं खोडून काढतात. पिशवी टेबलावर पालथी करून वाकाच्या दिशेने दोन ढीग केले. ५ इंची काप निघतील अशी एका बाजूची अकराच सापडली. बारा बाणांना छत्तीस लागतात. ४ इंची चालवायची, की पूर्ण लांबीच्या एकाच पंखाची पिसं मागवायची, हे शेपट्या निमुळत्या करून बिनपिसांची चाचणी झाली की ठरेल.