फक्त वार्निशसाठी आलेली गाडी

वार्निश मारून द्यायचं, एवढंच काम होतं. शनिवारी मालकांच्या मुलीचं लग्न, नवरी त्याच गाडीतून चर्चला जाणार. गाडी 1967 ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, मागचा भाग लाकडी बांध्याचा. मालक सत्तरीचे, गाडी त्यांच्या आईने घेतलेली.

इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचं लाकूडकाम हा माझा धंदा. वार्निशच्या आधी प्रत्येक सांधा टोचून बघतो. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीला टोच्या लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. खरवडलं तर वरचा थर लाकडाचा नव्हताच, लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीचा होता. कुजकं लाकूड आत तसंच ठेवून कुणीतरी वर लांबी थापली होती आणि बारीक ब्रशने लाकडाच्या रेषा काढल्या होत्या. एकेक रेषा हुबेहूब. एवढा चांगला हात असलेल्या माणसाने हे करावं, याचाच संताप जास्त आला.

लोकांना हे लाकूड शोभेचं वाटतं. मिनी ट्रॅव्हलर या दुसऱ्या गाडीवर आहे ते तसंच, पत्र्यावर चिकटवलेलं. मायनरची मात्र दारांमागची सगळी गाडी ॲश नावाच्या झाडाच्या लाकडी सांगाड्यावर उभी असते, छप्परसुद्धा त्याच्यावरच. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद मिळेना, तेव्हा लाकडी बांध्याच्या गाड्यांना बरे दिवस आले. ट्रॅव्हलर 1953 मध्ये आली. पुढे इतरांनी लाकूड सोडलं, ही मात्र 1971 पर्यंत तशीच बनत राहिली. ॲश लवचीक, धक्का सोसणारं. हातोड्याचे दांडे, क्रिकेटचे स्टंप त्याचेच. आमच्याकडे बैलगाडीला बाभूळ, तसं इथे हे. पाण्यापुढे मात्र ते हरतं. मागच्या सरकत्या काचांच्या खाचेत पाणी साचतं, शेवाळ धरतं, ओल खाली उतरते आणि वार्निशखाली लाकूड काळं पडत जातं. खाच महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साफ केली तरी पुरे. कुणी करत नाही.

पूर्वी वार्षिक तपासणीत असं लाकूड सापडलं की गाडी नापास व्हायची. 2018 पासून चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची राहिली नाही. ज्या गाड्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच सूट दिली.

मालकांना बोलावून भोक दाखवलं.

"शनिवारपर्यंत होईल?"

"नाही. ती बाजू पूर्ण उतरवावी लागेल. तीन आठवडे."

"चर्च दोन मैलांवर आहे."

मी वार्निश मारायला नकार दिला. शेजारच्या बाकावरचा सहकारी नंतर म्हणाला, "मारून द्यायचं आणि बिलावर लिहायचं, आपली जबाबदारी संपली." असं इथे बरेच जण करतात. पण वरून चकाकी दिली असती तर त्या लांबीवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? मालक काही बोलले नाहीत. भोकावरून एकदा अंगठा फिरवला आणि गाडी घेऊन गेले. फाटकाच्या उंचवट्यावर मागची दारं हललेली मला दिसली.

रात्री सुचलं, आतून लोखंडी पट्टी बोल्टने आवळली असती तर दोन मैल निभावले असते का? बोल्ट धरायला तिथे निरोगी लाकूडच नव्हतं, हे माहीत असूनही तो हिशेब अजून डोक्यातून जात नाही.

त्याच आठवड्यात मी उजव्या कमानीचा नवा तुकडा कापला. रंधा मारून झालाय, वळण साच्याला बरोबर बसतं. भिंतीवर टांगलाय, मागे पेन्सिलने त्यांच्या गाडीचा नंबर लिहून.