मॅरीड विथ, गुड इन, अँग्री ऑन : चुका इंग्रजीतल्या, प्रत्यय मराठीतले

इंग्रजी विशेषणापुढे कुठलं प्रिपोझिशन लावायचं याची यादी पाठ करून कोणी इंग्रजी शिकलंय असं मला तरी अजून दिसलेलं नाही. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक नोट्समध्ये ती असते, फॉन्ड ऑफ, प्राउड ऑफ, केपेबल ऑफ, अशी दोन पानं भरून, मुलं आदल्या रात्री घोकतात आणि पेपर झाला की पाटी कोरी. मी बरीच वर्षं असे क्लास घेते आणि आता ती यादी देणं बंद केलंय, त्याऐवजी मुलांना त्यांच्याच चुका फळ्यावर लिहायला लावते.

कारण त्या चुका कशाही झालेल्या नसतात हो. ती गणितात हुशार, म्हणून गुड इन मॅथ्स. तिचं लग्न डॉक्टरशी झालं, म्हणून मॅरीड विथ अ डॉक्टर. सर माझ्यावर चिडले, म्हणून अँग्री ऑन मी. तो माझ्यापेक्षा सीनियर, म्हणून सीनियर दॅन मी. मुली शिक्षणापासून वंचित राहिल्या, म्हणून डिप्राइव्ह्ड फ्रॉम एज्युकेशन. प्रत्येक वाक्याखाली मराठी प्रत्यय सरळ दिसतोय. इंग्रजीला तिथे हवं असतं गुड ॲट, मॅरीड टू, अँग्री विथ, सीनियर टू आणि डिप्राइव्ह्ड ऑफ. याउलट जिथे दोन्हीकडचं जुळतं तिथे कोणीच चुकत नाही, गाण्यात रस आणि इंटरेस्टेड इन, मिसळीसाठी प्रसिद्ध आणि फेमस फॉर, म्हणजे ती अर्धी यादी फाडून टाकली तरी चालेल, उरलेल्या अर्ध्यावर वेळ घालवा.

हिंदीवाल्यांच्या चुका वेगळ्या असतात ते बघायला तर मला फार मजा येते. त्यांच्याकडे कुत्ते से डर लगता है, त्यामुळे ते पटकन अफ्रेड फ्रॉम म्हणून जातात. आपल्याला कुत्र्याची भीती वाटते, ही ची ऑफशी बरोबर बसते, त्यामुळे मराठी पोरं तिथे आरामात सुटतात. आणि तोच हिंदीवाला मराठी शिकताना कुत्र्यापासून घाबरतो म्हणाला की आपण हसतो, पण त्याने कारण विचारलं तर आपल्याकडे उत्तर काय? रागावतो माणसावर, भांडतो माणसाशी, घाबरतो माणसाला आणि कंटाळा येतो माणसाचा. का? असंच आहे. इंग्रजीकडे मात्र आपण नियम मागत बसतो.

आता खरा फरक कुठे आहे सांगते. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि नाम जिकडे जाईल तिकडे जातो. तुला कशाची भीती वाटते, यात ‘ची’ ही ‘कशा’च्याच पाठीवर बसून पुढे आली. इंग्रजीत व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ, म्हणजे व्हॉट पळालं वाक्याच्या सुरुवातीला आणि ऑफ मागेच राहिलं, अफ्रेडला धरून. त्या ऑफचं खरं नातं विशेषणाशी आहे. म्हणूनच आपली मुलं प्रश्न करताना ते गाळतात, व्हिच सब्जेक्ट आर यू गुड, इथेच थांबतात, कारण नाम पुढे गेलं की प्रत्ययही गेला असं आपल्या कानाला वाटतं. त्यामुळे माझा आग्रह एवढाच की वहीत नुसतं गुड, अफ्रेड, मॅरीड लिहूच नका, गुड ॲट हा एक शब्द समजा, अफ्रेड ऑफ हा एक शब्द, आणि त्याच्यापुढे स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य लिहा, पुस्तकातलं नको.

थोडं कारण जिथे सापडतं तिथे ते जरूर घ्यावं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही लॅटिनमधून आलेली मंडळी, आणि ती येतानाच तुलनेचं रूप घेऊन आली. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा, सेनियोर म्हणजे त्याहून म्हातारा. ‘अधिक’ शब्दाच्या पोटातच आहे म्हणून मोअर सुपीरियर चालत नाही, आणि यांच्यापुढे दॅन नाही तर टू येतं. परीक्षांमध्ये ‘चूक शोधा’ म्हणून हे इतक्यांदा विचारतात की मुलांना बाकी काही आलं नाही तरी हे येतं. मेजर आणि मायनर पण त्याच खानदानातले, पण त्यांना असलं काही लागत नाही, तेव्हा नियम फार ताणू नका.

आणि एकाच विशेषणापुढे प्रिपोझिशन बदललं की अर्थच फिरतो, हा तर खरा माल आहे पण नोट्समध्ये याला एक ओळ मिळते. कन्सर्न्ड अबाउट म्हणजे काळजी लागलीय, कन्सर्न्ड विथ म्हणजे विषयच तो आहे. टायर्ड फ्रॉम द जर्नी म्हणजे प्रवासाने दमलोय, टायर्ड ऑफ द जर्नी म्हणजे पुरे झाला तो प्रवास. रस्ता मला माहीत असेल तर आय ॲम फॅमिलिअर विथ द रोड, पण रस्त्याकडून सुरुवात केली तर द रोड इज फॅमिलिअर टू मी. आणि ज्या मॅरीड विथवर आपण लाल रेघ मारतो ते मॅरीड विथ टू किड्स असं आलं तर एकदम बरोबर असतं, कारण तिथे नवरा-बायकोचा संबंधच नाही, लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत एवढंच. तसंच फुल ऑफ वॉटर पण फिल्ड विथ वॉटर, डिपेंडंट ऑन पण इंडिपेंडंट ऑफ. सख्खे भाऊ पण सासुरवाड्या वेगळ्या.

यूज्ड टूचं तर विचारू नका. आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, आणि आय यूज्ड टू गेट अप अर्ली म्हणजे उठायचे पूर्वी, आता नाही. पहिल्यातलं टू हे प्रिपोझिशन आहे म्हणून पुढे आयएनजी लागतं. मुलं दोन्हीची खिचडी करतात आणि त्यांना दोष देता येत नाही, लिहायला दोन्ही सारखंच दिसतं ना.

शेवटी एक भांडणाचा विषय. डिफरंट फ्रॉम, टू की दॅन? फ्रॉम सगळीकडे चालतं. टू ब्रिटनमध्ये सर्रास ऐकू येतं, आणि फक्त फ्रॉमच बरोबर या समजुतीला इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 मध्येच अंधश्रद्धा म्हणून ठेवलंय. दॅन अमेरिकेत रोजचं आहे, विशेषतः पुढे अख्खं वाक्य येणार असेल तेव्हा. अँग्री ॲट मी पण तिकडे कोणालाच खटकत नाही. बोअर्ड ऑफ जुन्या लोकांना अजून खुपतं, त्यांना विथ पाहिजे, पण तरुण पोरं ऑफच म्हणणार. आपल्याकडच्या उत्तरपत्रिकेला मात्र यातलं काही माहीत नसतं, तिथे फ्रॉमवर टिक करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचं. ऑफिसमध्ये कोणी डिफरंट दॅन म्हणालं म्हणून त्याला मीटिंगमध्ये सुधारायला जाऊ नका, अँग्री ऑन म्हणालं तर जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगा.