पाहिलेला किल्ला

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

आमच्या घरी दिवाळीच्या किल्ल्याबाबत एक नियम आहे. जो गड आपल्या पायांनी चढून पाहिला, तोच अंगणात उभा करायचा. हा नियम आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुलांचे बाबा लहान असताना घातला आणि लग्न होऊन या घरात आल्यावर मलाही तो मनापासून पटला. माझ्या माहेरीही किल्ला होत असे, पण तो अमुक एका गडाचा नसे. चार बुरूज, एक गुहा, गुहेत वाघ, माथ्यावर सिंहासन आणि उतारांवर हळीव एवढ्यावर आम्हा भावंडांचे समाधान होई, आणि त्या आनंदात काही उणे होते असे मला आजही वाटत नाही. मात्र आबांच्या नियमामुळे या घरात किल्ल्याचे काम सहामाही परीक्षा संपल्यावर सुरू न होता पाऊस ओसरू लागला की सुरू होते, आणि अंगणात पहिला दगड पडण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या डोक्यात गड उभा राहिलेला असतो.

यंदा लोहगड ठरला. जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, ती बातमी थोरलीने शाळेत ऐकली आणि घरी येऊन सगळी नावे आबांकडून वदवून घेतली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. तिला राजगड हवा होता. परंतु धाकटा अवघा चार वर्षांचा आहे, आणि नियमात कडेवर बसून पाहिलेला गड धरला जात नाही, असे आबांनी स्पष्ट सांगितले. लोहगडाला वरपर्यंत पायऱ्या आहेत, पुण्याहून लोकलने जाता येते आणि संध्याकाळच्या आत घरी परतता येते, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस एका शनिवारी सकाळच्या लोकलने आम्ही निघालो.

लहान मुलांना घेऊन कुठे जायचे म्हटले की आपण बहुधा गाडी काढतो, पण मला स्वतःला लोकलचा प्रवास फार मोलाचा वाटतो. शिवाजीनगर सुटल्यापासून थोरली प्रत्येक स्थानकाचे नाव वाचून धाकट्याला सांगत होती आणि तो ते आपल्या पद्धतीने म्हणत होता. बेगडेवाडी आणि घोरावाडी ही दोन नावे त्याला इतकी आवडली की ती तो अजूनही झोपताना म्हणतो. कामशेत गेले की दोन्ही अंगांना भातखाचरे लागतात. मावळातला इंद्रायणी तांदूळ आमच्या घरी नेहमी असतो. तो इथे उभा आहे, हे मुलांना खिडकीतून दाखवताना मला विशेष समाधान वाटले. मळवलीला उतरून, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावात आलो आणि तिथून रिक्षाने गायमुख खिंडीतून लोहगडवाडी गाठली. खिंडीच्या एका बाजूला विसापूर आणि दुसऱ्या बाजूला लोहगड.

पायऱ्या धाकट्याने स्वतः चढल्या. दर काही पायऱ्यांनी तो थांबे, दगडाच्या फटीत उगवलेल्या तेरड्याकडे बोट दाखवी, शेळी दिसली की तिच्याशी बोले, आणि पुन्हा चढू लागे. त्याच्या चालीने चालल्यामुळे आम्हा मोठ्यांनाही गड नीट पाहता आला. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांची ती वाट वळणे घेत वर जाते. नारायण दरवाजा नाना फडणीसांनी बांधलेला. तिथल्या भुयारात भात आणि नाचणी साठवून ठेवीत, हे आबांनी सांगताच धाकट्याने आत डोकावून भात शिल्लक आहे का, हे पाहून घेतले. वर पोहोचल्यावर तटाशी उभे राहून खाली पाहिले तेव्हा आपण आलो ती सगळी वाट, तिच्यावरचे बुरूज आणि वळणे एका नजरेत आली. थोरली बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "आबा, ही वाट सरळ का नाही बांधली? लोकांना किती फिरून यावं लागत असेल!"

"आपल्या लोकांना फिरावं लागतं, तसं शत्रूलाही फिरावं लागतं," आबा म्हणाले. "वाट सरळ असती तर हत्तीला धाव घेऊन दारावर धडक मारता आली असती. आता बघ, दारासमोर वळायलाच जागा कमी आहे. आणि शत्रू खालच्या दाराशी अडकला की तू आत्ता जिथे उभी आहेस तिथून त्याच्यावर दगड टाकता येतात."

तिने जिथे उभी होती तिथून खाली पुन्हा एकदा पाहिले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा लोहगडही होता आणि १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला, हेही आबांनी तिथेच सांगितले. पुढच्या वर्षी चौथीत तिला शिवरायांचा इतिहास अभ्यासाला येईल, तेव्हा या तहाचा धडा ती या तटावर उभी राहून वाचील असे मला वाटते.

माथ्यावर नानांनी बांधलेले सोळाकोनी तळे आहे. त्याचे कोन मोजण्यात मुलांचा बराच वेळ गेला, कारण धाकटा प्रत्येक कोनाशी थांबून पाण्यात पाही आणि मग मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागे. विंचूकाट्यावर आम्ही उतरलो नाही. तिकडे जाणारा कातळ लहान मुलांच्या पायांना झेपणारा नाही. वरूनच ती लांब, अरुंद माची पाहिली. पलीकडे पवनेचे पाणी आणि तुंग, तिकोना दिसत होते.

दसरा झाल्यावर साहित्याची जमवाजमव सुरू झाली. खरे सांगायचे तर दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलींपेक्षा या छोट्या फेऱ्या मला अधिक प्रिय आहेत. वाण्याकडून रिकामी पोती मागून आणायची, रोपवाटिकेतून लाल माती आणायची, शेजारी कुठे बांधकाम चालू असेल तिथे विचारून विटांचे तुकडे आणायचे. प्रत्येक ठिकाणी मागण्याचे काम मुलांनी करायचे, आम्ही मागे उभे राहायचे. धाकट्याने वाण्याच्या दुकानात "काका, लोहगडासाठी पोतं द्या" असे म्हटले तेव्हा दुकानातल्या एका आजींनी त्याला जवळ घेऊन आपल्या लहानपणचा किल्ला वर्णन करून सांगितला.

मावळे आणायला कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात गेलो. अलीकडे तयार किल्लेच विकत मिळतात आणि ते दिसायला सुबकही असतात. ज्यांना वेळ आणि जागा नाही त्यांची अडचण मी समजू शकते, तरीही ज्या घरात लहान मुले आहेत तिथे ते आणू नयेत असे माझे ठाम मत आहे. मुलांचे हात चिखलात गेलेच नाहीत, तर त्या सणात त्यांच्या वाट्याला पाहण्याखेरीज काय उरते? कुंभारवाड्यात मुलांनी एकेक चित्र हातात घेऊन निवडले: सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफेजवळचा गोलंदाज, डोक्यावर घागर घेतलेली गवळण. धाकट्याने मावळा नाकारून शेळी मागितली. शेळी नव्हती, बैल होता. विक्रेत्या मावशींनी आतल्या टोपलीत शोधून त्याला एक पांढरी शेळी काढून दिली.

रविवारी दगड रचले. त्यांच्यावर मातीच्या राड्यात बुडवलेली पोती पसरली की डोंगराला आपोआप घड्या पडतात, आणि पोते ओले असतानाच हाताने दाबून माच्या, कडे, सोंडा काढून घ्याव्या लागतात. विंचूकाटा मुलांच्या बाबांनी विटा एकापुढे एक लावून काढला. दरवाजांची वाट मात्र थोरलीने कोणालाही करू दिली नाही. पुठ्ठ्याच्या चार कमानी, विटांच्या तुकड्यांचे बुरूज आणि त्यांच्यामधून जाणारी वाट तिने बोटांनी चेपत चेपत वर नेली. वळण झाले की ती महादरवाजाच्या जागी गाल टेकवून वरून खालचे दार दिसते की नाही, हे पाही. दिसत नसेल तर बुरूज हलवी. आबा बाजूला खुर्चीवर बसून होते. त्यांनी एकदाही सूचना केली नाही, आणि मलाही करू दिली नाही.

सोमवारी पेरलेले हळीव आज चांगले वर आले आहे. सोळाकोनी तळ्यात पाणी भरले, गेरूने तट रंगवला, रांगोळीने पायवाट आखली. नारायण दरवाजाच्या भुयारात धाकट्याने डब्यातला मूठभर इंद्रायणी तांदूळ नेऊन ठेवला. शेळी त्याने तिथेच बांधली. संध्याकाळी गाय-वासराची पूजा करून आलो, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी झाली, आणि जेवता जेवता पुढच्या वर्षीच्या गडाची चर्चा निघाली. शिवनेरीला मुलांच्या बाबांचे मत आहे. थोरलीने राजगडाचा हट्ट सोडलेला नाही.

भाऊबीजेला मुलांचा आतेभाऊ मुंबईहून येतो आहे. त्याने लोहगड पाहिलेला नाही, तेव्हा त्याला किल्ल्यावर मावळे मांडू द्यायचे की नाही, यावर थोरलीने आबांकडे निवाडा मागितला. आबांनी नियम मोडला नाही आणि पाहुण्याला दुखावलेही नाही: भाऊबीजेनंतरच्या शनिवारी त्याला घेऊन आपण पुन्हा लोहगडावर जाऊ, तोवर महाराजांची मूर्ती त्याच्यासाठी राखून ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी आबा लोहगडवाडीत थांबणार आहेत. वर काय काय आहे, ते त्याला दाखवण्याचे काम त्यांनी या दोघांवर सोपवले आहे, आणि थोरलीने पाटीवर चारही दरवाजांची नावे क्रमाने लिहून धाकट्याकडून ती पाठ करून घ्यायला आत्ताच सुरुवात केली आहे.