उंचीची अट

दुपारी जरा आडवं व्हावं म्हणून आत गेले, तर धाकटा दाराच्या चौकटीला टाचा टेकवून उभा. डोक्यावर शाळेची पट्टी आडवी धरलेली, श्वास रोखलेला, मान नको तितकी ताठ. "आई, खूण कर." मी पेन्सिलीने खूण केली आणि टेप लावली. ११९. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू उरलेले सेंटिमीटर मीच कुठेतरी कपाटात ठेवून दिलेत.

"१२२ लागतात," तो म्हणाला.

कशाला लागतात ते विचारायची गरज नव्हती. घरात सध्या दुसरा विषयच नाही. त्या लांबच्या थीम पार्कला गाडीने जायचं की नाही? पहाटे निघालो तर दिवस मावळताना पोचू. वाटेत मुक्काम केला तर जाण्यायेण्यातच सगळी सुट्टी संपेल. नवऱ्याला गाडी चालवण्याची हौस, त्यामुळे त्याच्या लेखी अंतर हा मुद्दाच नाही. मला गाडी लागते, त्यामुळे माझ्या लेखी तेवढा एकच मुद्दा आहे. शिवाय ज्याच्या हातात चाक असतं त्याला गाडी सहसा लागत नाही. पुढचं वळण त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. बाकीच्यांचे कान म्हणतात आपण हलतोय, पुस्तकात खुपसलेले डोळे म्हणतात छे, आपण जागच्या जागी आहोत, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो म्हणे. मी बारा वर्षं कधीच ओलांडली, पण माझ्या कानांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

आता हिशेब पाहा. दिवसभर गाडीत बसायचं. मग रांगेत तासभर उभं राहायचं. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पाळणा दोन-तीन मिनिटांत आपल्याला परत खाली आणून सोडणार. हा हिशेब मी एकदा जेवताना मोठ्याने मांडला. कोणी काही बोललं नाही. नवरा तेवढं म्हणाला, "हिशेब करून कोणी कुठे जातं का?" उत्तर बरोबर होतं, पण ते त्याने द्यायला नको होतं. तो पेट्रोलचा हिशेब वहीत लिहितो.

आमच्या लहानपणी बाबाही गाडी चालवायचे आणि त्यांचा एक नियम होता: थांबायचं नाही. कारण? आपण थांबलो की ज्या ट्रकांना मागे टाकलं ते पुन्हा पुढे जातात. हे दुःख त्यांना सहन व्हायचं नाही. मी मागच्या सीटवर रंग उडालेल्या चेहऱ्याने "बाबा, थांबवा" म्हणायचे, आणि ते आरशात बघून म्हणायचे, "हा एक जाऊ दे." तो एक गेला की त्याच्यापुढे दुसरा असायचाच. शेवटी आत्या ओरडायची, "दादा, थांबव नाहीतर सीट तूच धुशील!" मग मात्र गाडी थांबायची. मी रस्त्याकडेला ओणवी, आत्याचा हात पाठीवर, आणि बाबा गाडीतच बसून शेजारून सूं सूं करत जाणारे ट्रक मोजत.

आत्या प्रत्येक सहलीला यायची आणि कशातच बसायची नाही. करमणुकीच्या बागेत शिरलं की ती आधी सावलीतलं एक बाक हेरायची. तिथे बसली की तिच्याभोवती आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, चपला, स्वेटर यांचा ढीग जमायचा. पाळण्यात बसण्याआधी सगळे आपले चष्मे तिच्या मांडीवर टाकून पळायचे, घड्याळं तिच्या मनगटावर बांधायचे. आम्ही वरून किंचाळत हात हलवायचो, ती खालून हात हलवायची, पण नक्की कोणाला ते तिलाही कळत नसावं, कारण तिची दूरची नजर अधू होती आणि आमची चष्म्याविना.

एकदा मला पाळण्यापाशी अडवलं. तिथे एक माणूस काठी घेऊन उभा होता. काठीच्या खुणेला माझं डोकं लागलं नाही. भाऊ गेला, चुलतभावंडं गेली, बाबा गेले. मी रडत आत्याच्या बाकाकडे निघाले, तर ती एकेक चष्मा डोळ्यांवर चढवून बघत होती. आधी काकांचा, मग बाबांचा, मग चुलतबहिणीचा पिंगट फ्रेमचा. प्रत्येक चष्मा लावून मान वर करायची, फिरत्या चक्राकडे बघायची आणि तोंड वाकडं करून उतरवायची. मला पाहिलं तशी दचकली नाही, लाजलीही नाही. म्हणाली, "दादाच्या चष्म्यातून बघ, माणसं खेळण्याएवढी दिसतात." मग आम्ही दोघींनी सगळे चष्मे आळीपाळीने लावले. काकांच्या चष्म्यातून जमीन पायाशी खड्ड्यासारखी खोल गेली आणि मी बाकावरून घसरले. आत्या इतकी हसली की एका चष्म्याची काडी वाकली. ती कोणी वाकवली ते अजून घरात कोणाला माहीत नाही.

तर, काठी. धाकट्याला वाटतं ही अट मोठ्या माणसांनी मुलांना खिजवायला काढली आहे. मी त्याला समजावून सांगते की पाळणा तुझं वय विचारत नाही, अंग विचारतो. तो अडसर मांडीवर किंवा खांद्यावर नीट बसला पाहिजे, पाठ टेकली पाहिजे, खालून सुटून जायला नको. म्हणून कुठे १०२ सेंटिमीटर, कुठे ११२, कुठे १२२. इंचांत मोजलं तर हेच ४०, ४४ आणि ४८. काही पाळण्यांना तर वरचीही मर्यादा असते, फार उंच माणसालाही ते परत पाठवतात. हे ऐकून त्याला जरा बरं वाटलं. मग त्याने विचारलं, "बुटात कागद घातले तर?" म्हणजे समजावण्याचा उपयोग किती झाला ते कळलं.

हे असले उद्योग माणसाला लागतात तरी कशाला, असंही मनात येतं. पण लागतात, आणि आजचे नाहीत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या जंगलात बाकेन नावाची बाग आहे, तिची सुरुवात १५८३ सालची. लोक तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायला येत, त्यांच्यामागून खेळवाले आले आणि तिथेच राहिले. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी उतारावरून घसरणारी गाडी सुरू केली. पाच सेंट तिकीट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, आणि बसायची बाकं आडवी, म्हणजे लोक समोर न बघता बाजूचा देखावा बघत घसरायचे. त्या गाडीत मी हसत बसले असते. माणसाने तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवते ती वॉल्ट डिस्ने यांची गोष्ट. त्यांनीच ती पुढे सांगितली आहे. शनिवारी ते आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. तिथे बसल्या बसल्या त्यांना वाटलं, आईबाप आणि मुलं दोघांना मिळून मजा करता येईल अशी काहीतरी जागा हवी. म्हणजे हा सगळा कोट्यवधींचा पसारा एका बाकावरून निघाला. पिशव्यांपाशी बसलेल्या माणसाला कंटाळा आला म्हणून.

आणि मग? मग संत्र्यांच्या बागा तोडून, होऊ घातलेल्या महामार्गाच्या शेजारी, लोकांना मोटारीने येणं सोपं जावं अशा बेताने अनाहाइमला डिस्नेलँड उभं राहिलं. १७ जुलै १९५५ ला ते उघडलं. त्या दिवशी ऊन इतकं की नुकतंच घातलेलं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळवाल्यांच्या संपामुळे पाणी पिण्याच्या बऱ्याचशा तोट्या कोरड्या. खोटी पासं घेऊन माणसं आत शिरली ती वेगळीच. पण ते सोडा. त्या दिवशी त्या दोन मुली केवढ्या होत्या? धाकटी अठरा वर्षांची. थोरलीचं लग्न होऊन तिच्या कडेवर मूलही होतं. फिरते घोडे तयार झाले तेव्हा बसणाऱ्या मोठ्या झाल्या होत्या.

हे वाचल्यापासून माझी झोप जरा उडाली आहे. कारण आमच्याकडेही नेमकं तेच चाललंय. धाकटा अजून बुटका आहे आणि थोरली आता मोठी झाली आहे. मधली जी दोनेक वर्षं होती, ज्यात ती किंचाळायला तयार असती आणि त्याची उंचीही चालली असती, ती मुळी आलीच नाहीत. दोघांमध्ये अंतरच तेवढं आहे. या वर्षी जावं तर तो अर्ध्या पाळण्यांखाली उभा राहून रडणार. पुढच्या वर्षी तो बसेल, पण तोवर थोरली दहावीत, आणि दहावीतल्या मुलीला आईबापांबरोबर कोणी बघितलेलंही चालत नाही. मोठी माणसं "बघू पुढच्या वर्षी" म्हणतात तेव्हा पुढच्या वर्षी माणसं तीच असतील असं धरूनच चालतात.

नवरा म्हणतो, मग आत्ताच जाऊ. त्याने कुठेतरी हॉलंडमधल्या एका पाहणीबद्दल वाचलंय. २०१० सालची. सुट्टीवर जाणारी माणसं निघण्याआधीच इतरांपेक्षा जास्त खूश असतात, आणि परत आल्यावर बहुतेकांचा आनंद न गेलेल्यांएवढाच उरतो. मला वाटलं हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. नुसता बेत करावा, खूश व्हावं आणि घरी राहावं. तो म्हणाला, "तसं नाही होत. जायचं ठरलेलं असावं लागतं. तू ठरवूच देत नाहीस." यावर मी भाजीला फोडणी दिली.

खरं सांगायचं तर माझी तयारी होती. मनातल्या मनात मी सगळं आखून ठेवलं होतं. गाडीत पुढची सीट, नजर लांब क्षितिजावर, मधे मधे सक्तीचे थांबे, ट्रक गेले तरी चालतील. तिथे पोचलं की सावलीतलं बाक गाठायचं आणि बाकीच्यांना म्हणायचं, जा, मी आहे इथे. एवढ्या बोलीवर मी कुठेही यायला तयार होते. या वयात मला कोणी उलटं टांगावं अशी माझी इच्छा नाही. काल रात्री हे बोलायचं ठरवूनच मी सगळ्यांना एकत्र बसवलं.

पण आधी थोरली बोलली. मोबाइलमधून मान वर न काढता. "मी येते. पण मला कशातही बसायला लावू नका. मी पिशव्यांपाशी बसेन."

"तिथे मी बसणार होते," मी म्हणाले.

"मग याच्याबरोबर कोण बसणार? लहानांबरोबर मोठं माणूस लागतं. लिहिलंय तिथे."

आम्ही तिघींनी-तिघांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "एवढी गाडी चालवून मी पाळण्यात बसू? मी तिथे जाऊन झोपणार आहे."

थोरलीला मी पुष्कळ समजावून पाहिलं. तिथे ऊन असेल, कंटाळा येईल, तासन् तास एकटी बसशील. ती म्हणाली, "तेच तर हवंय." आत्या असती तर तिने हिला बाकावर सरकून जागा दिली असती आणि मला म्हटलं असतं, जा गं, तू चष्मा काढून दे इकडे.

शेवटी मी धाकट्याला विचारलं, तुझ्या त्या यादीत सगळ्यात हळू जाणारं काय आहे?

"आगगाडी," तो अत्यंत तुच्छतेने म्हणाला. "ती बाळांसाठी असते."

चालेल, म्हटलं. आधी त्यात बसू.