तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडीच्या फीडमधलं औषध आणि नसा

"फीडमध्ये औषध घालतात ना गं, मग ते चिकनमधून आपल्याला बाधत नाही का?" पोल्ट्रीत आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीत सुद्धा कोणीतरी हे विचारतंच, परवा मामीने विचारलं. डोस बरोबर असेल तर नाही बाधत, एवढं बोलून मला सुटता येतं. पण तो बरोबर डोस कोणाच्या नसांवर ठरला ते कोणी सांगत नाही, आणि मला तेच सांगायचं असतं.

सॅलिनोमायसिन घ्या. रक्ती हगवणीसाठी, म्हणजे कोंबडीच्या आतड्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या आजारासाठी, ब्रॉयलर फीडमध्ये टनाला साधारण 60 ग्रॅम. ते सोडियमला पकडून पेशीच्या आत नेऊन सोडतं, मग आत कॅल्शियम वाढतं, पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया बंद पडतात आणि परजीवी मरतो. कोंबडीला तेवढं सोसतं. पण लॅबमधल्या कुत्र्यांना हेच रोज वर्षभर दिलं तेव्हा जास्त डोसला त्यांच्या नसा बिघडल्या. किलोमागे 0.5 मिलीग्रॅमला काही दिसलं नाही, त्याला 100 ने भागून युरोपात माणसाची रोजची मर्यादा ठरली, किलोमागे 0.005 मिलीग्रॅम. मामीचं वजन 60 धरलं तर 0.3 मिलीग्रॅम. तो आकडा त्या कुत्र्यांनी दिलाय हो, मला ते विसरता येत नाही.

1996 मध्ये नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये मांजरांच्या कोरड्या खाण्यात चुकून हे औषध गेलं आणि शेकडो मांजरांचे आधी मागचे पाय लुळे पडले, मग पुढचे.

2009 मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यातून गाठ पुन्हा वाढू शकते त्या पेशी, हे मारतं असं दिसल्यावर खूप आशा वाटली होती, मग बर्लिनच्या लॅबमध्ये उंदरांना दिलं तर त्यांच्याही संवेदनेच्या नसा दुखावल्या, पण मायटोकॉन्ड्रियामधली सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल रोखणारं औषध सोबत दिलं तेव्हा त्रास कमी झाला आणि कॅन्सरवरचा परिणाम तसाच राहिला, हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

चिकनपेक्षा मला काळजी शेडवरच्या कुत्र्याची वाटते. सांडलेल्या फीडमध्ये तो तोंड घालतो आणि आपण खाऊ देतो, पोट तरी भरेल म्हणून. 20 किलोच्या कुत्र्याने 400 ग्रॅम फीड खाल्लं की 24 मिलीग्रॅम औषध गेलं, किलोमागे 1.2, म्हणजे त्या 0.5 च्या दुपटीहून जास्त. फीड सांडलं की लगेच झाडून घ्या, आणि त्याला वेगळी भाकरी टाका.